जत्रेतले पाळणे: आठवणी आणि यंत्रं, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं बालपण नाशिकच्या पंचवटीत गेलं आणि पुढची तीस वर्षं सातपूरच्या कारखान्यांत फिटर म्हणून. दर नवरात्रात कालिकेच्या यात्रेला जातो. आधी पोरांना घेऊन जायचो, आता नातवंडांना. पाळण्याखाली उभा राहिलो की सोबतचं कुणी ना कुणी विचारतंच, "काका, हे फिरतं कसं?" दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा नीट बसून उत्तरं लिहिली.

रहाटपाळणा म्हणायचं की आकाशपाळणा?

दोन्ही बरोबर. आमच्या घरात आजी रहाटपाळणाच म्हणायची. विहिरीवरचा रहाट पाहिलेल्या माणसाला दुसरा शब्द सुचणारच नाही. रहाटाला पोहरे लटकतात, इथे माणसं बसायच्या पेट्या. आकाशपाळणा हा शब्द मोठे लोखंडी पाळणे आल्यावर जास्त ऐकू यायला लागला.

नाशिकच्या आसपास पाळणे कधी आणि कुठे लागतात?

सगळ्यात मोठी मजा नवरात्रात, जुन्या आग्रा रोडवर कालिकामातेच्या यात्रेत. ती नाशिकची ग्रामदेवता, त्यामुळे घटस्थापनेपासून सगळं गाव तिकडे वळतं. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला ओझरला खंडेरावाची यात्रा असते, तिथे बारागाड्या ओढतात. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा. याशिवाय गंगापूर रोडच्या डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर अधूनमधून मेळे लागतात.

एक फरक लक्षात ठेवा. नवरात्रात परतीचा पाऊस असतो आणि जमीन ओली असते. पौषात तीच जमीन दगडासारखी कडक होते. पाळणा उभा करणाऱ्याला हा फरक फार महत्त्वाचा, त्याबद्दल पुढे सांगतो.

तुमच्या लहानपणी पाळणे हाताने फिरवायचे म्हणतात, ते कसं जमायचं?

जमायचं, आणि फार सुंदर जमायचं. गंगेवर (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) लाकडी पाळणा लागायचा. दोन जाड खांब, मध्ये लाकडी आस, आसाला आडवे-उभे आरे आणि चार पेट्या. एका पेटीत समोरासमोर चार पोरं. फेऱ्यांचे दहा पैसे. आजी पदराची गाठ दातांनी सोडायची आणि नाणं माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ स्वतः मिटायची.

पाळणेवाला बारीक अंगाचा होता. दंडाच्या शिरा दोरीसारख्या दिसायच्या. तो पाळण्याच्या एका बाजूला उभा राहायचा. पेटी वरून खाली येत त्याच्या डोक्याच्या उंचीला आली की कठडा धरायचा, सगळं अंग टाकून खाली ओढायचा आणि कमरेपाशी आली की सोडून द्यायचा. लगेच पुढची पेटी. सुरुवातीचे तीन-चार हिसके जोराचे, मग नुसता हात लावल्यासारखं.

यात दोन गोष्टी आहेत. पहिली, जोर लावायची जागा. पेटी आसाच्या साधारण बरोबरीने बाजूला असते तेव्हा खाली ओढलेला सगळा जोर फिरवण्यात जातो. पेटी अगदी तळाशी असताना खाली ओढलं तर चाक फिरणारच नाही, नुसता आस दाबला जाईल. त्या माणसाला हे कुणी शिकवलं नव्हतं, त्याच्या हातांना ते ठाऊक होतं. दुसरी गोष्ट जडत्वाची. चार पेट्या, सोळा पोरं, वर लाकूड, एवढं वजन एकदा फिरायला लागलं की फिरतच राहतं. मग पाळणेवाल्याला आसावरच्या घर्षणात आणि वाऱ्यात जाईल तेवढंच भरून काढायचं असतं. आसाला बैलगाडीचं काळं वंगण लावलेलं असायचं. ते कमी झालं की दर फेरीला करर्र असा लांब आवाज यायचा, तो ऐकला की पाळणेवाला फेरी संपताच डबा उघडून दोन बोटं वंगण फासायचा. मशीनचा आवाज ऐकून रोग ओळखायचा हा पहिला धडा मी कारखान्यात नाही, गंगेवर घेतला.

थांबवणंही हातानेच. पेटीचा कठडा धरून तो दोन-तीन पावलं फरफटत जायचा, पायाखाली धूळ उडायची आणि पाळणा थांबायचा.

मग आताचे मोठे पाळणे कशावर चालतात?

डिझेल जनरेटरवरची मोटर किंवा थेट इंजिन. तिथून पट्टा, पट्ट्यापुढे वेग कमी करायची व्यवस्था, आणि शेवटी चाकाच्या कडेला गुंडाळलेला जाड दोर किंवा कडेवर घासणारे रबरी टायर. जोर मधल्या आसाला न देता बाहेरच्या कडेला दिला जातो, हे मुद्दाम बघा. दरवाजा बिजागरीजवळ ढकलून पाहा आणि मग कडीजवळ ढकलून पाहा, कारण लगेच कळेल. आसाला फिरवायचं तर प्रचंड ताकदीचा गिअर लागेल. कडेला फिरवलं तर लहान मोटरही पुरते.

चाक उलटं-सुलटं होतं, पण आपण उलटे का होत नाही?

पेटी डोक्यावरच्या दांड्याला टांगलेली असते आणि तिचा भार त्या दांड्याच्या खाली असतो. ओळंब्याचा दोरा कसाही धरला तरी लोलक खालीच बघतो, तसंच हे. मात्र पेटीत उभं राहिलात तर भार वर सरकतो आणि पेटी हेलकावे खायला लागते. म्हणून पाळणेवाला ओरडतो, "बसून घ्या!"

लंडनमधला १३५ मीटर उंचीचा 'लंडन आय' मात्र या नियमाने चालत नाही. तिथल्या काचेच्या खोल्या चाकाच्या बाहेरच्या बाजूला बसवल्यात आणि त्या सरळ राहाव्यात म्हणून मोटरी लावल्यात. एक फेरी साधारण अर्ध्या तासाची. आपल्या यात्रेत अर्ध्या तासात किती फेऱ्या होतात ते मोजून बघा.

पाळणेवाला सगळ्यांना ओळीने का बसवत नाही? एक पेटी भरतो, मग अर्धं चाक फिरवतो, हा वेळ का घालवतो?

तो वेळ घालवत नाही, तोल साधतो. समजा पाळण्याची त्रिज्या ८ मीटर आहे आणि एकाच बाजूच्या पेटीत चार मोठी माणसं बसली, म्हणजे धरा २५० किलो. समोरची पेटी रिकामी. आसाच्या दृष्टीने हे एक मीटर लांबीच्या दांड्यावर २,००० किलो टांगण्यासारखं आहे. इंजिनाला ती बाजू वर चढवताना धाप लागणार, आणि उतरताना तीच बाजू इंजिनाला पुढे ओढणार. म्हणून एक पेटी भरली की तिच्या बरोबर समोरची भरायची. चांगला पाळणेवाला माणसांकडे बघूनच वजन ओळखतो. "तुम्ही थांबा काका, या ताईंना आधी बसू द्या," असं तो म्हणाला तर राग मानू नका. त्याचा हिशेब चाललेला असतो.

फिरता फिरता लाइट गेली किंवा इंजिन बंद पडलं तर?

हे माझ्यावर आलेलं आहे. मी पाचवीत होतो. आजीबरोबर मोठ्या पाळण्यात पहिल्यांदा बसलो होतो. तिसऱ्या की चौथ्या फेरीला खालून चाबूक ओढल्यासारखा आवाज आला, पाळणा दोनदा मागेपुढे झुलला आणि थांबला. आम्ही अगदी वर. इंजिनाचा पट्टा तुटला होता.

खाली आरडाओरडा. शेजारच्या पेटीतली एक बाई रडायला लागली. आजीने माझा हात तिच्या मांडीवर घट्ट दाबून धरला. तिच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतत होत्या, म्हणजे तिलाही भीती वाटत असणार. पण तोंडाने ती मला गाव दाखवत होती. "ती बघ, तिकडे गंगा. आपलं घर तिच्या पलीकडे. आणि तो काळा डोंगर दिसतो ना, ते पांडवलेणं." कनवटीतून एक रेवडी काढून तिने मला दिली. मी ती चावली नाही, खाली पोहोचेपर्यंत गालात धरून ठेवली. तिळाचे दाणे एकेक सुटत होते.

आम्हाला खाली कसं आणलं ते आता, फिटर झाल्यावर, मला जास्त कळतं. पाळणा तोलून भरलेला होता, म्हणून तो हाताने फिरवता आला. पट्टा तुटलेलाच होता, तेव्हा इंजिन अडवायला मध्ये नव्हतं. चार माणसांनी आरे धरले, पाळणेवाल्याने ब्रेक सोडला आणि हळूहळू चाक सरकवलं. सगळ्यात खालची पेटी आधी रिकामी केली. आता तोल बिघडला. मग त्यांनी शेजारची पेटी न घेता अर्धं चाक फिरवलं आणि बरोबर समोरची पेटी खाली आणली. ती आमची होती. सगळ्यात वर अडकलेली माणसं दुसऱ्याच क्रमांकाला उतरली. तेव्हा मला वाटलं होतं की आजीने देवीला हात जोडले म्हणून आमचा नंबर लवकर लागला.

तेव्हा तुम्ही अडकलात तर करायची गोष्ट एकच: बसून राहा. पेटीतून बाहेर पाय टाकू नका, आऱ्यांवरून उतरायचा विचार करू नका. तुम्ही मध्येच उतरलात तर तुमचा जीव धोक्यात आणि समोरच्या पेटीचा तोलही.

वरून खाली येताना पोटात गोळा का येतो?

आपल्याला स्वतःचं वजन कळतं ते खालची बैठक आपल्याला वर रेटते म्हणून. गोल फिरताना वरच्या टोकाला हा रेटा कमी होतो आणि तळाला वाढतो. आकडे घालून बघू. त्रिज्या ८ मीटर आणि १२ सेकंदांत एक फेरी असेल तर फरक साधारण २२ टक्क्यांचा. ४० किलोचा मुलगा वर गेल्यावर ३१ किलोचा झाल्यासारखा वाटतो आणि तळाला ४९ किलोचा. पोटातले अवयव घट्ट बांधलेले नसतात, आतल्या पडद्यांवर टांगलेले असतात. आधार हलका झाला की तेही किंचित वर सुटतात. तोच गोळा.

वेग दुप्पट केला तर हा फरक दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून "अजून जोरात!" असं ओरडणाऱ्या पोरांचं पाळणेवाल्याने ऐकू नये.

जत्रेतल्या झुलत्या होडीत मागच्या टोकाला बसलं की जास्त भीती वाटते. हा मनाचा खेळ आहे का?

अजिबात नाही. होडी म्हणजे एक भलामोठा दोलक. मधल्या रांगेतला माणूस ६० अंशांपर्यंत झुलला तर टोकाच्या क्षणी त्याला स्वतःचं वजन अर्धं वाटतं आणि तळातून जाताना दुप्पट. पण शेवटच्या रांगेतला माणूस मध्यापासून आधीच बाजूला बसलाय. होडी त्याच्या बाजूला वर गेली की त्याचा कोन ९० अंशांच्या जवळ पोहोचतो आणि तिथे बैठकीचा रेटा जवळजवळ संपतो. अंग सुटल्यासारखं होतं ते खरोखरच. पहिल्यांदा बसणाऱ्याने मधली रांग धरावी.

होडीला झोका कोण देतं? खाली वाकून बघा. तळाशी ट्रकचा टायर दिसेल. होडी वरून जाताना तो उचलला जातो आणि तिच्या पोटाला घासून पुढे ढकलतो. आई पाळण्याला झोका देते ना, योग्य क्षणी, तेवढाच. चुकीच्या क्षणी ढकललं तर झोका मरतो. थांबवतानाही तोच टायर उलटं काम करतो. आणखी एक: होडी भरलेली असो की रिकामी, तिच्या एका झोक्याला लागणारा वेळ जवळजवळ तेवढाच राहतो. दोलकाचा वेळ लांबीवर ठरतो, वजनावर नाही.

साखळीच्या खुर्च्यांत माझा सहा वर्षांचा मुलगा आणि त्याचे ९० किलोचे मामा सारखेच बाहेर फेकले जातात. वजनाने फरक पडायला नको?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. दहावीतल्या पुतणीने विचारला होता आणि मी कागदावर मांडून दाखवला तेव्हा तिचे डोळे चमकले होते.

दोरीला दगड बांधून फिरवला की तो सुटून सरळ जाऊ बघतो, दोरी त्याला आत ओढून धरते. या आत ओढणाऱ्या बलाला शाळेत अभिकेंद्री बल म्हणतात. खुर्चीची साखळी दोन कामं करते: माणसाला वर तोलून धरते आणि आत ओढते. मामांचं वजन जास्त, म्हणून त्यांना तोलायला जास्त बल लागतं. पण त्यांना वळवायलाही त्याच प्रमाणात जास्त बल लागतं. दोन्ही बाजूंना वजन आहे, ते कटून जातं. उरतात फक्त वेग आणि त्रिज्या. साखळीचा कोन त्यांच्यावरच ठरतो. साखळी ४५ अंशांत यायची असेल आणि फिरण्याची त्रिज्या ६ मीटर असेल, तर वेग ताशी २८ किलोमीटरच्या जवळ हवा. म्हणजे दर ५ सेकंदांना एक फेरी. सायकल जोरात मारल्याएवढाच हा वेग आहे. खालून बघताना तो फार वाटतो.

रिकामी खुर्चीसुद्धा बहुतेक तशीच झुकते. पुढच्या वेळी मुलाला दाखवा.

'मौत का कुआँ' मध्ये गाडी भिंतीवरून पडत कशी नाही?

लाकडी फळ्यांची ती विहीर आम्ही वरच्या गॅलरीतून बघायचो. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलचा आवाज छातीत घुमायचा आणि गाडी खालून गेली की हाताखालचा कठडा थरथरायचा. स्वार वर येऊन लोकांच्या हातातली नोट ओढून न्यायचा. माझ्या मामाने एकदा दोन रुपयांची नोट धरली होती. स्वाराची बोटं नोटेला लागली त्या क्षणी मला त्याच्या हातातलं कडं दिसलं, एवढा तो जवळ होता.

गाडी सरळ जाऊ बघते, भिंत तिला वळवते. म्हणजे भिंत टायरला आत रेटते. जेवढा रेटा मोठा, तेवढं टायर आणि फळी यांच्यातलं घर्षण जास्त, आणि हेच घर्षण गाडीला वर धरून ठेवतं. विहिरीची त्रिज्या ५ मीटर आणि टायरची पकड चांगली असेल तर ताशी २८ किलोमीटरच्या आसपास गाडी घसरायची थांबते. स्वार त्याहून बरेच जोरात जातात, कारण फळ्यांवर तेल सांडलेलं असू शकतं, धूळ असू शकते. ताशी ३६ किलोमीटरला भिंतीचा रेटा माणसाच्या वजनाच्या दुप्पट होतो. डोक्यातलं रक्त पायांकडे ओढलं जातं. ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, तसल्या लढाऊ विमानांच्या वैमानिकांना सात-आठपट झेलावं लागतं, पण काही सेकंदच आणि खास पोशाख घालून. हा माणूस दुप्पट वजन मिनिटामागून मिनिट झेलतो, दिवसातून कितीतरी वेळा, साध्या शर्टात.

भिंतीच्या तळाशी तिरपी फळी असते, ती नीट बघा. जमिनीवरून एकदम उभ्या भिंतीवर जाता येत नाही. तिरप्या फळीवर वेग घ्यायचा, मग वर चढायचं. उतरतानाही तसंच. इंजिन मध्येच बंद पडलं तर गाडी धपकन पडत नाही, वेग कमी होत होत घसरत खाली येते. कसलेला स्वार ती तिरप्या फळीवर उतरवतो. त्यांचं कसब मी फार मानतो. हे लोक जिवाची बाजी लावून तिकिटाचे पैसे मिळवतात, त्यांच्यासाठी टाळ्या वाजवताना हात आखडू नका.

'ब्रेक डान्स' नावाच्या पाळण्यात पुढचा झटका कधी येणार ते ओळखता का येत नाही?

कारण तिथे तीन गोष्टी एकदम फिरतात. मोठी तबकडी, तिच्यावरचे लहान चौक आणि चौकावरची पाळण्याची गाडी. पहिल्या दोन मोटरवर फिरतात. गाडी मात्र मोकळी असते, ती तुमच्या वजनाप्रमाणे वळते. मोठ्या तबकडीचा आणि लहान चौकाचा वेग एका दिशेला आला की झटका, उलट दिशेला आला की क्षणभर शांतता. लहान मुलाला आतल्या बाजूला बसवा आणि मोठ्याने बाहेरची बाजू घ्या. नाहीतर मोठा माणूस सरकून मुलावर येतो.

उतरल्यावर जमीन फिरते आणि मळमळतं. उपाय?

दोन्ही कानांच्या आत तीन-तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. आपण थांबलो तरी तो द्रव थोडा वेळ फिरत राहतो आणि मेंदूला "अजून फिरतोय" असं सांगतो. डोळे सांगतात की आपण उभे आहोत. या भांडणात पोट ढवळतं. जत्रेतला क्रम बदला: आधी पाळणा, मग भेळ आणि जिलेबी. फिरताना लांबच्या स्थिर गोष्टीकडे बघा, उतरल्यावर दोन मिनिटं बसा. आमची आजी आलेपाकाची वडी जवळ ठेवायची.

हसऱ्या आरशांत माणूस काडी किंवा पिंप कसा होतो?

आरसा वाकवलेला असतो. उभ्या खांबासारखा पुढे फुगलेला आरसा रुंदी आक्रसतो, माणूस काडी होतो. आडव्या पिंपासारखा फुगलेला उंची आक्रसतो, माणूस बुटका आणि गोल होतो.

पहिला मोठा पाळणा कुणी बांधला?

लोखंडी महाकाय पाळणा जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस या अमेरिकन इंजिनिअरने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी उभारला. उंची २६४ फूट, ३६ डबे, एका डब्यात ६० माणसं. भरला की २,१६० माणसं एकाच वेळी आकाशात. तो १९०६ मध्ये पाडला. १८९७ मध्ये व्हिएन्नात उभारलेला मात्र अजून फिरतोय.

पण पाळणा फेरिसच्याही फार आधीचा. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६२० मध्ये आजच्या बल्गेरियातल्या गावात माणसांनी फिरवलेले असे पाळणे पाहून लिहून ठेवलेत. गंगेवरच्या आमच्या पाळणेवाल्याचे भाऊबंद तेव्हाही हात लावत होते.

बसण्याआधी काय बघावं?

फिटर म्हणून मी याच क्रमाने बघतो.

आधी पाया. आपल्याकडची काळी माती पाऊस पडला की फुगते आणि मऊ होते. खांबांखाली जाड लाकडी ओंडके किंवा लोखंडी प्लेटा हव्यात. विटांचे तुकडे खुपसलेले दिसले तर मागे फिरा. चांगले लोक उभारणी करताना पाणसळ (सपाटी तपासायचं साधन) लावतात आणि पाऊस पडून गेल्यावर पुन्हा लावतात.

मग आवाज. इंजिनाचा आवाज होणारच, तो सोडा. एक फेरी पूर्ण कान देऊन ऐका. दर फेरीला त्याच जागी 'ठक' वाजत असेल तर तिथे काहीतरी सैल आहे. सतत कर्कश किंचाळणं म्हणजे कोरडी बेअरिंग.

मग पेटीची आडवी दांडी. ती लावल्यावर खीळ आत गेली पाहिजे आणि खिळीला सुटू न देणारी क्लिप हवी. काही वर्षांपूर्वी एका मेळ्यात होडीच्या दांडीला खिळीऐवजी तार पिळलेली दिसली. मी नातवाला उतरवलं आणि चालवणाऱ्याला तार दाखवली. तो म्हणाला, "काका, दोन दिवस झाले, काही झालं नाही." मी बाकीच्यांनाही उतरायला सांगत तिथेच उभा राहिलो. लोक कुरकुरले, पण उतरले. अर्ध्या तासाने खीळ आली. तुम्हीही असं करा. वाईटपणा घ्या, पण बोला.

चालवणारा लिव्हरजवळ आहे का, हेही बघा. गल्ल्यावर बसलेला माणूस ब्रेक लावू शकत नाही.

आणि ओढणी, स्कार्फ, मोकळे केस. ओढणी कमरेला बांधा, केस आवळून घ्या. फिरत्या आसाला कपडा ओढून घ्यायला एक क्षण पुरतो. हे मी कारखान्यात पाहिलंय, त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

माझी आई ७२ वर्षांची आहे, तिला पाळण्यात बसायचंय. बसू द्यावं का?

हृदयाचा त्रास, मानेचा किंवा पाठीचा आजार, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर नको. चक्कर येत असेल तर डॉक्टरांना विचारा. यातलं काही नसेल तर जरूर बसवा, पण रहाटपाळण्यातच. होडी आणि ब्रेक डान्स नको. गर्दी कमी असताना, संध्याकाळी लवकर जा आणि पाळणेवाल्याला आधी सांगा, "आई आहेत, सावकाश घ्या." तो घेतो. चढताना पेटी दोन्ही हातांनी धरून ठेवायला सांगा, कारण वयस्कर माणसं पडतात ती बहुतेक चढताना-उतरताना.

आमची आजी त्या पट्टा तुटलेल्या वर्षानंतरही बसायची. दरवर्षी एकदाच. शेवटची बसली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि तिला नीट दिसत नव्हतं. पाळणा वर जाऊन प्रवासी भरायला थांबला, तेव्हा तिने विचारलं, "गंगा कुठल्या अंगाला रे?" मी तिचा हात धरून बोट तिकडे केलं. तिने पदर सावरला आणि त्या दिशेला नमस्कार केला. मग रेवडीसाठी गाठ सोडायला लागली.